निकाहचं आमंत्रण आलं तर...



अल्फारेटात आपल्या ऑफिसांमधून हैदराबादची बरीच मंडळी आहेत, त्यामुळे असं आमंत्रण कधी ना कधी येतंच. माझ्या टीममधल्या मित्राच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा "आपण शाकाहारी, तिथे काय करणार?" म्हणून आम्ही नाही म्हणायच्या बेतात होतो. शेवटी त्याला सरळ सांगून टाकलं. त्याच्या आईने आमच्यासाठी बगारा खाना आणि मिर्ची का सालन वेगळं काढून ठेवलं! तेव्हा खाण्याचं आधीच कळवा, ऐनवेळी ताट चिवडत बसू नका.

निकाह हा मुळात करार आहे. होम नाही, सप्तपदी नाही. मुलीचा 'वकील' (कोर्टातला नव्हे, बहुधा नात्यातलाच वडीलधारा) साक्षीदारांसह तिच्याकडे जाऊन संमती विचारतो. मग काझी खुत्बा वाचतात, मुलाला विचारतात, तो "कबूल है" म्हणतो. सह्या, दुआ, आणि खारका वाटतात. मी अक्षता कधी टाकायच्या याची वाट बघत होतो, तोवर लग्न लागूनही गेलं! म्हणून जेवणाच्या नव्हे, निकाहच्या वेळेला पोहोचा.

मेहरबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. ही रक्कम नवऱ्याने बायकोला द्यायची, ती तिची स्वतःची, आणि निकाहनाम्यात लिहिलेली असते. म्हणजे हुंड्याच्या बरोबर उलट. (भारतात अनेक मुस्लिम घरांत हुंडाही शिरलाय, पण तो मेहर नव्हे.)

जॉर्जियात नुसता निकाहनामा पुरत नाही. आपल्या भटजींनी लावलेल्या लग्नासारखंच इथेही प्रोबेट कोर्टाचं मॅरेज लायसन्स लागतं. लग्न लावणाऱ्याने सही करून ते 30 दिवसांत परत पाठवायचं असतं.

निकाह मशिदीत असेल तर चपला बाहेर, बायकांनी लांब बाह्या आणि डोक्यावर ओढणी किंवा पदर. स्त्री-पुरुष बऱ्याचदा वेगळे बसतात, तेव्हा मुलं कोणाकडे आणि गाडीची किल्ली कोणाकडे हे पार्किंगमध्येच ठरवा. आम्ही नव्हतं ठरवलं! समोरून हात पुढे आला तरच हस्तांदोलन करा, नाहीतर छातीवर हात ठेवून सलाम पुरतो. बायकांच्या बाजूचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. आहेराला पाकीट उत्तम. देवाची मूर्ती किंवा वाइन नको.

वलीमा म्हणजे निकाहनंतरचं मुलाकडचं जेवण. त्याचं आमंत्रण वेगळं असतं, कार्ड नीट वाचा. गेलात तर खुबानी का मीठासाठी पोटात जागा ठेवा.