नृत्याचीं नांवें : शास्त्रांतलीं आणि तालमींतलीं

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळांत, गर्भगृहाभोंवतींच्या वरच्या मजल्यावर, नृत्य करणाऱ्या शिवाच्या मूर्तींची एक रांग आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत जीं १०८ करणें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं ८१ येथें कोरलेलीं असून पुढचे २७ दगड कोरेच राहिले आहेत. राजराज चोळाचें हें देऊळ इ. स. १०१० च्या सुमारास पुरें झालें. याच देवळाच्या शिलालेखांत चारशें नर्तकींचीं नांवें, त्या कोणत्या देवळांतून आल्या आणि त्यांना कोणतें घर दिलें, हें सारें बारकाईनें खोदलेलें आहे. करणांखालीं मात्र एकहि अक्षर नाहीं. एका बाजूला नांवावांचून नृत्य आणि दुसऱ्या बाजूला नृत्यावांचून नांवें, असा हा प्रकार आहे. आणि भारतीय नृत्यशास्त्राचा पुष्कळसा इतिहास या दोहोंची गांठ घालण्याचाच इतिहास आहे.

करण म्हणजे नृत्याची एक ठराविक ‘पोज’ असा समज रूढ आहे. तो बरोबर नव्हे. हात आणि पाय यांची एकत्र जुळलेली हालचाल म्हणजे करण. दोन करणांची एक मातृका होते आणि अशा मातृका जोडून अंगहार सिद्ध होतो. भरतानें ३२ अंगहार दिले आहेत. पहिलें करण तलपुष्पपुट. त्याचें लक्षण वाचूं गेल्यास पुष्पपुट हा हात, अग्रतलसंचर हें पाऊल आणि सन्नत ही कूस, असे तीन शब्द हातीं येतात. ओंजळींत फुलें धरल्यासारखे हात डाव्या बाजूस न्यावयाचे, टांच उचलून पाऊल पुढच्या तळव्यावर टेकावयाचें आणि कूस लववावयाची, एवढा त्याचा अर्थ. पण या प्रत्येक शब्दाची व्याख्या ग्रंथांत निराळ्या ठिकाणीं आहे. परिभाषेनें परिभाषेकडे बोट दाखवावें आणि शेवटीं कोणी करून दाखविणारा नसेल तर वाचकानें मुकाट बसावें, अशी ही रचना आहे. इ. स. १००० च्या सुमारास काश्मिरांत अभिनवगुप्ताला ‘अभिनवभारती’ ही टीका लिहावी लागली, यांत नवल नाहीं.

चिदंबरम् येथील पूर्व व पश्चिम गोपुरांत करणांच्या मूर्तींशेजारीं नाट्यशास्त्रांतील श्लोकहि कोरलेले आहेत. बडोद्याहून १९२६ सालीं नाट्यशास्त्राचा पहिला खंड निघाला, त्यांत हीं चित्रें छापलीं गेलीं आणि पंडितांना शब्दाशेजारीं आकृति पाहावयास मिळाली. तरीहि दगड हालचालीचा एकच क्षण धरतो. त्यापूर्वींचा व नंतरचा क्षण पाहणाऱ्यानेंच भरून काढावयाचा असतो. पुढें १९७० नंतर पद्मा सुब्रह्मण्यम् यांनीं या शिल्पांवर जें संशोधन केलें, त्याचा रोख नेमका याच गोष्टीवर होता.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो देवगिरीपाशीं. तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या दरबारीं शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. दिवसा जमाखर्चाचीं करणें आणि फावल्या वेळीं नृत्याचीं, असेंच म्हणावें लागेल. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’चा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. त्यांत भरताच्या मार्गी करणांखेरीज देशी करणेंहि आलीं आहेत. भरतानंतर लोकांत जें नवें उपजलें, तें या हिशेबनीसानें अशुद्ध म्हणून टाकून दिलें नाहीं. त्याला स्वतंत्र खातें उघडून दिलें. शास्त्राचा खरा मोठेपणा अशा वेळींच दिसतो.

त्याहून धीट पाऊल पांचशें वर्षांनीं तंजावरास पडलें. तेथील भोसले राजा पहिला तुळजाजी (१७२८–१७३६) यानें संस्कृतांत ‘संगीतसारामृत’ लिहिलें. त्याच्या नृत्यप्रकरणांत तालमीची रीत आहे आणि पावलांच्या संस्कृत नांवांबरोबर नट्टुवनार गुरूंच्या तोंडचीं देशी नांवेंहि दिलीं आहेत. पाऊल आपटण्याला पंडित कुट्टन म्हणतो. तालमींत तोच तट्टडवु. एक शब्द पोथींत जिवंत राहिला, दुसरा पायांत. राजानें दोघांना एका ओळींत बसविलें.

पुढें दुसऱ्या सरफोजीनें (राज्यकाल १७९८–१८३२) नृत्यासाठीं चक्क मराठींत निरूपणें रचलीं. शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा रचना त्यांत क्रमानें येतात. त्याच्याच दरबारीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु होते आणि अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम पुढें रूढ झाला, त्याचें श्रेय त्यांना दिलें जातें. अलारिप्पु हा शब्द नाट्यशास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं.

१९३० नंतरच्या दशकांत मद्रासेंत या कलेचें ‘सदिर’ हें नांव मागें पडून ‘भरतनाट्यम्’ हें नांव पुढें आलें. कलेला प्रतिष्ठा मिळाली, हें खरें. पण त्या नांवानें भरतमुनि जेवढा पुढें आला, तेवढ्या त्या चारशें नर्तकींच्या वारसदार मागें सरल्या, हेंहि तितकेंच खरें. १९४७ च्या मद्रास कायद्यानें मुली देवाला वाहण्याची चाल बंद झाली. ती बंद होणें योग्यच होतें. मात्र देवळांतून बाहेर पडलेल्या बाईची विद्या कोणाच्या नांवें जमा झाली, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेंत येत नव्हता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं १९३५ सालीं अड्यारला नृत्य केलें, तें पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशीं शिकून. नर्तकींच्याच घराण्यांत जन्मलेल्या बालसरस्वती यांचे गुरु कंदप्पा पिळ्ळै. हे दोन्ही गुरु तंजावरच्या त्या चौघांच्या वंशांतले. आजहि लांकडी पट्टीवर दांडक्याचा ठोका पडतो, ‘तैया तै’ हे बोल निघतात आणि मुलीचा पाय प्रथम आपटतो तो तट्टडवूंत.