तुरट चव आणि लाल गोळी

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. आज आम्ही या काळ्या रंगाचीच गोष्ट सांगणार आहोत. कारण मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत दवनीवाड्यातली एक बाई म्हणाली, "चार महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, रक्त काही वाढलं नाही. गोळीच खोटी आहे." गोळी कशाबरोबर घेता, असं विचारलं तर म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर, विसरायला होत नाही ना."

त्या गोळीचं काय झालं ते समजायला जरा मागं जावं लागेल.

आवळा, हिरडा, बेहडा, जांभूळ, बाभळीची साल, पानातला कात, कोरा चहा. या सगळ्यांची एक चव सारखी आहे: तुरट. तोंड आवळल्यासारखं होतं, जीभ कोरडी पडते. आयुर्वेदानं सहा रसांमध्ये या चवीला कषाय म्हणून जागा दिली. आजचे शास्त्रज्ञ या तुरटपणामागच्या द्रव्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. झाड ती स्वतःसाठी बनवतं, किडीनं आणि जनावरानं खाऊ नये म्हणून. त्यातला एक मोठा गट म्हणजे टॅनिन. टॅनिनला दोन गोष्टी दिसल्या की ते सोडत नाही. एक प्रथिन, दुसरं लोखंड. तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ कोरडी पडते. कढईत लोखंडाला धरतं, म्हणून आवळा काळा होतो.

हे रसायन नावानिशी कळायच्या कितीतरी आधी लोकांनी त्यावर धंदे उभे केले होते. कातडी कमावणारे बाभळीची साल आणि हिरडा वापरत. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट बांधतं, मग ते कुजत नाही. रंगारी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवत आणि लोखंडाच्या पाण्यात बुडवून काळं करत. इंग्रजांच्या काळात तर हिरडा बोटीत भरून विलायतेच्या चामड्याच्या कारखान्यांत जाऊ लागला. तिथल्या बाजारात मालाच्या प्रती गावांच्या नावानं ओळखत: एक जबलपुरी, एक वेंगुर्ल्याची, एक भीमलीपट्टणची. जबलपूर आपल्या गोंदियाहून फार लांब नाही. जंगलात वाकून हिरडा वेचणारी बाई मात्र त्या प्रतींच्या यादीत कुठंच नाही, आणि ते आम्हांला खटकतं.

काताचं तर आणखी गंमतीचं. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढतात. परदेशात त्याला कॅटेचू म्हणत. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं कॅटेचिन. आज हिरव्या चहाच्या डब्यावर कॅटेचिनची जाहिरात मोठ्या अक्षरांत छापतात. ते नाव आपल्या पानदानातून गेलेलं आहे.

मग ही द्रव्यं चांगली की वाईट? यावर शास्त्रज्ञांनीही बरेच हेलकावे खाल्ले. हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी, ज्यांना 1937 मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी 1936 मध्ये लिंबू आणि मिरचीतल्या अशा द्रव्यांना व्हिटॅमिन पी असं नाव सुचवलं. पुढं ते व्हिटॅमिन नाही हे कळलं आणि नाव मागं पडलं. आता पुन्हा यांच्या गोळ्या आणि पावडरी विकायला आल्या आहेत. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. 21 हजारांवर वयस्कर माणसं, त्यांतल्या अर्ध्यांना कोकोतल्या पॉलिफेनॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. हृदयविकारानं होणारे मृत्यू त्यांच्यात कमी दिसले, पण हृदयाचे एकूण आजार खात्रीनं कमी झाले असं म्हणता आलं नाही. म्हणून डब्यातल्या पावडरीवर बचतीचे पैसे घालवू नका. हंगामातलं जांभूळ, आवळा, पालेभाजी, डाळी खा. त्यांत ही द्रव्यंही आहेत आणि पोटाला लागणारं बाकीचंही. जांभळाच्या बियांची पूड घेते म्हणून साखरेची गोळी बंद करणारी बाई भेटली, तर तिला आधी दवाखान्यात पाठवा.

आता चहा. आपल्या आजीच्या आजीच्या घरी चहा नव्हता. आसामात मळे 1830 नंतर सुरू झाले, पण तो चहा परदेशी जायचा. 1903 मध्ये सरकारनं चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. 1930 नंतर मंदीत परदेशी खप घसरला, तेव्हा प्रचारकांचा मोर्चा आपल्याकडं वळला. पत्र्याचे फलक, गावोगाव फिरणाऱ्या गाड्या, फुकट कप, एका पैशाची पुडी. 1947 च्या एका चित्रात चरख्याजवळ बसलेली बाई आणि चहाचा कप दाखवून चहा पूर्ण स्वदेशी आहे असं सांगितलं होतं. त्याच सुमारास पानं कुस्करून, फाडून, गुंडाळून दाणेदार चहा करणारं यंत्र आलं होतं. तो स्वस्त आणि कडक, थोडक्या भुकटीत भरपूर रंग. तोच आज आपल्या डब्यात आहे.

रोवणीच्या दिवसांत बघा. पहाटे उठून घरचं सगळं आवरायचं, एक कप चहा घशाखाली घालायचा आणि बांधीत उतरायचं. दहाला पुन्हा चहा. भूक मेली की बाईला वाटतं निभलं. भात दुपारी, तोही सगळ्यांच्या नंतर, आणि त्यावर पुन्हा चहा.

1975 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी माणसांना भात आणि बटाटा-कांद्याचं सूप देऊन त्याबरोबर चहा पाजला. अन्नातलं लोह अंगी लागणं कमी झालं. कढईत होतं तेच पोटात झालं: टॅनिननं लोह धरलं, न विरघळणारा साका झाला आणि तो तसाच बाहेर गेला. 1999 मध्ये दुसऱ्या अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर कोरा चहा दिला, तर लोह शोषलं जाणं 79 ते 94 टक्के कमी झालं. आम्ही तर दुधाचा पितो, असं कुणी म्हणेल. त्याच अभ्यासात दूध घालून पाहिलं, फारसा फरक पडला नाही.

गटात आम्ही लाल गोळी फोडून गार कोऱ्या चहात टाकली. थोड्या वेळानं चहा शाईसारखा काळा दिसू लागला. गोळी खोटी म्हणणारी बाई बराच वेळ त्या कपाकडं बघत राहिली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वर्षांच्या 100 बायकांपैकी 54 जणींना रक्तक्षय आहे. आधीच्या पाहणीत 48 होत्या. देशात लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम 1970 पासून आहे. एवढ्या वर्षांत गोळी दारापर्यंत आली, पण ती चहाबरोबर घेऊ नये हे प्रत्येक घरात पोचलं नाही. सगळा दोष चहाचा असं आम्ही म्हणत नाही. अंगावरून जास्त जाणं, जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणं आणि मुळात ताटात कमी पडणं, ही कारणं मोठी आहेत. आपल्या भागात सिकलसेलही आहे. त्यानं कमी झालेलं रक्त नुसत्या गोळीनं भरत नाही, म्हणून तपासणी करून घ्याच.

चहा सोडा असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आम्हीसुद्धा नाही. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात जेवणानंतर एक तास थांबून चहा दिला, तर लोहाचं नुकसान बरंच कमी झालं. तेवढा तास सोडायचा. गोळी रात्री जेवण झाल्यावर, पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, त्या दोन गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं. आवळा चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. आवळ्यात लोह अंगी लावणारं व्हिटॅमिन सी आहे आणि ते धरून ठेवणारा तुरटपणाही आहे, म्हणून गोळीसाठी लिंबूच सोपं. जेवणात भाजीवर लिंबू पिळा, टमाटर घाला. गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून ती बंद करू नका.

त्या बाईनं आता गोळीची पट्टी चहाच्या डब्याजवळून काढून भाताच्या गंजाजवळच्या खिळ्याला अडकवली आहे. दोन महिन्यांनी ती आशाताईंकडून पुन्हा रक्त तपासून घेणार आहे.