मुक्कामाचे दिवस : अपत्यप्राप्तीसाठीच्या प्रवासाच्या खर्चाचा इतिहास

अपत्यप्राप्तीसाठी घर सोडून परगावी जाऊन राहण्याची प्रथा प्रयोगशाळेत गर्भ तयार होऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तिचा इतिहास सामान्यतः श्रद्धेच्या किंवा विज्ञानाच्या अंगाने लिहिला जातो. त्या प्रवासातील माणसे कोठे उतरली, काय जेवली आणि तेवढे दिवस मागचे घर कशावर चालले, हा भाग त्यात क्वचितच येतो. अशा प्रवासाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला उपचाराचा खर्च, ज्यात तपासण्या, औषधे आणि शस्त्रक्रिया मोडतात व ज्याची पावती मिळते. दुसरा मुक्कामाचा खर्च, म्हणजे जागेचे भाडे, दोन वेळचे जेवण, रोजचे जाणे-येणे आणि बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा, ज्याची एकत्रित पावती कोणीच देत नाही. पहिला खर्च दरपत्रकावरून ठरतो, तर दुसरा दिवसांच्या संख्येवरून. आणि ते दिवस किती असावेत हे जोडप्याच्या हाती फारसे कधीच नव्हते. ते कधी व्रताने ठरवले, कधी शरीरातील संप्रेरकांनी, तर कधी कायद्याने. या दिवसांचा माग घेतला म्हणजे वंध्यत्वोपचार कोणाच्या आवाक्यात आले आणि कोणाच्या आले नाहीत, हे औषधांच्या किमतीवरून कळते त्याहून अधिक स्पष्टपणे कळते.

महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यातील दत्तक्षेत्रे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्रा’त साठ वर्षांच्या निपुत्रिक स्त्रीला अपत्य झाल्याची कथा येते, आणि भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर किंवा कृष्णा-पंचगंगा संगमावरील नरसोबाची वाडी येथे मूल व्हावे म्हणून सेवेस राहण्याची रीत याच परंपरेतली आहे. सेवा म्हणजे ठरवलेले दिवस क्षेत्रातच राहून स्नान, प्रदक्षिणा आणि पारायण करणे. सप्ताह केला तर सात दिवस, संकल्प मोठा असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. मुदत संकल्पानेच बांधलेली असल्यामुळे खर्चाचा अंदाज घरून निघतानाच करता येई, आणि त्या मुक्कामाभोवती एक व्यवस्थाही उभी होती. यात्रेकरू पुजाऱ्यांच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरत, शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, पीठ असे कोरडे जिन्नस बरोबर नेऊन तेथे रांधत, आणि ज्याच्याजवळ शिधाही नसे त्याला माधुकरीचा आधार असे, म्हणजे काही घरांसमोर झोळी घेऊन उभे राहायचे आणि मिळेल त्या शिजवलेल्या अन्नावर दिवस काढायचा. गाणगापुरात माधुकरी हा सेवेचाच भाग मानला जात असल्याने सधन सेवेकरीही ती मागत, आणि म्हणून निर्धनाला ती मागताना खाली मान घालावी लागत नसे. लांबलेला मुक्काम गरिबालाही झेपावा अशी ही सोय होती, आणि पुढच्या काळात दवाखान्यांभोवती नेमकी तीच आढळत नाही.

आधुनिक वंध्यत्वोपचाराचा आरंभ इंग्लंडमधील ओल्डहॅम या कापडगिरण्यांच्या गावी झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो तेथील रुग्णालयात होते, तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी केंब्रिजमध्ये. त्यामुळे रुग्णांच्या बरोबरीने संशोधकांनाही अनेक तासांच्या त्या वाटेवर वर्षानुवर्षे ये-जा करावी लागली. १९६९ ते १९७८ या काळात तेथे २८२ स्त्रियांवर उपचार झाले आणि त्यांतून दोनच अपत्ये जन्माला आली, यावरून घरून निघणाऱ्या स्त्रीच्या पदरी यशाची खात्री किती थोडी होती ते दिसते. २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या लुईस ब्राउनचे आईवडील ब्रिस्टलचे, म्हणजे ओल्डहॅमपासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूरचे, आणि वडील रेल्वेत नोकरीला होते. फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याच्या ‘पूल्स’ या खेळात त्यांना सुमारे ८०० पौंड मिळाले होते, आणि त्या रकमेच्या आधाराने हा सारा खटाटोप त्यांना पेलता आला. शरीराबाहेर फलित झालेल्या बीजांडातून जन्मलेल्या जगातील पहिल्या मुलीच्या कथेत विज्ञानाइतकाच या अवचित हाती आलेल्या पैशाचाही वाटा आहे. ज्या जोडप्यांना असा पैसा मिळाला नाही, त्यांची नोंद अर्थातच कोठे नाही.

स्टेप्टो निवृत्त झाले आणि पुढील कामाला सरकारी आरोग्यसेवेकडून पैसा मिळाला नाही, तेव्हा १९८० मध्ये केंब्रिजजवळच्या बोर्न हॉल या जुन्या वाड्यात या तिघांनी खासगी केंद्र सुरू केले. रुग्णांच्या राहण्यासाठी वाड्याच्या आवारात पोर्टाकॅबिन, म्हणजे आयत्या आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या, उभ्या करण्यात आल्या. या खोल्यांची गरज का पडली, याचे कारण त्या काळच्या उपचारपद्धतीत आहे. स्त्रीच्या अंडाशयातून दर महिन्याला साधारणपणे एक बीजांड परिपक्व होते, आणि ते सुटण्याच्या सुमारे दीड दिवस आधी ल्युटिनायझिंग संप्रेरक नावाच्या द्रव्याचे शरीरातील प्रमाण एकाएकी वाढते. ही वाढ पकडण्यासाठी स्त्रियांना दिवसरात्र दर तीन तासांनी लघवीचा नमुना द्यावा लागे, आणि ती दिसताच ठरावीक तास मोजून, मग ती मध्यरात्र का असेना, पोटात दुर्बीण घालून बीजांड काढावे लागे. बीजांड सुटले की तो महिना वाया गेला, आणि ते केव्हा सुटेल हे आधी सांगता येत नव्हते. म्हणून स्त्रीने दवाखान्याच्या आवारातच राहणे भाग होते. शस्त्रक्रियेचा दर जाहीर असला तरी मुक्कामाची मुदत कोणालाच सांगता येत नसल्यामुळे एकूण खर्चाचा आकडा कागदावर मांडणे जवळजवळ अशक्य होते. गाणगापूरच्या सेवेकऱ्याला किती दिवसांचा शिधा घ्यायचा हे ठाऊक असे. बोर्न हॉलच्या त्या खोल्यांत उतरलेल्या जोडप्याला ते ठाऊक नव्हते.

पुढील दहा वर्षांत हे चित्र तीन सुधारणांनी पालटले. पहिली सुधारणा औषधांची होती : संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजांडे वाढवता येऊ लागली, आणि ती शेवटी केव्हा परिपक्व व्हावीत हेही एका इंजेक्शनने ठरवता येऊ लागले, ज्यामुळे दर तीन तासांची ती मोजणी संपली. दुसरी सुधारणा १९८० च्या दशकाच्या मध्याला आली. सोनोग्राफीच्या साहाय्याने योनिमार्गातून सुई घालून बीजांडे काढण्याची पद्धत रुळली आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात राहण्याची गरज बहुधा उरली नाही. तिसरी सुधारणा गर्भ गोठवून ठेवण्याची, जिच्यातून पहिले मूल १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मले. तिच्यामुळे उपचाराचे दोन तुकडे पाडता आले. एका खेपेत बीजांडे काढून गर्भ गोठवायचे, घरी परतून पैसा व बळ गोळा करायचे, आणि सवडीने दुसऱ्या खेपेत गर्भ गर्भाशयात सोडून घ्यायचा. या सुधारणा यशाचे प्रमाण वाढवण्यासाठी आणि डॉक्टरांच्या सोयीसाठी झाल्या असे वैद्यकाचे इतिहास सांगतात, आणि ते खरेच आहे. पण पाहुण्या जोडप्याच्या खर्चाच्या वहीत पाहिले तर त्यांनी मुक्काम आखडला आणि त्याची तारीख आगाऊ सांगता येऊ लागली, हा बदल कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाचा होता.

भारतात या शास्त्राचा आरंभ कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी केला, आणि त्यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. परंतु त्यांच्या हयातीत त्या कामाला मान्यता मिळाली नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला पुढचा जन्म मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधीलच प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे ते संयुक्त काम होते. महापालिकेच्या, म्हणजे सामान्य माणसाच्या रुग्णालयात हे घडले आणि तेही गिरणगावात, याला मुक्कामाच्या इतिहासात वेगळे महत्त्व आहे, कारण परगावच्या माणसाला कमी पैशात सामावून घेण्याची सवय या वस्तीला आधीपासूनच होती.

कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणीकामगारांनी परळ, लालबाग, शिवडी या भागांत गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या धरल्या होत्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे अनेकजण असत आणि गावाहून आलेल्याला तेथे पथारी टाकायला जागा मिळे. जेवणासाठी खाणावळी होत्या, ज्या बहुतांशी स्त्रिया आपल्या घरातूनच चालवत आणि ज्यांचे पैसे महिन्याच्या पगाराला चुकते होत. सावकारी कर्जात अडकलेल्या याच खाणावळवाल्या स्त्रियांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. आजाऱ्याच्या नातेवाइकांना निवारा हवा हे गाडगे महाराजांनी फार आधी ओळखले होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांप्रमाणेच मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली, आणि तीर्थक्षेत्रातील जुनी सोय दवाखान्याच्या दारी आणण्याचा हा मोठा प्रयत्न होता. मात्र मूल व्हावे म्हणून आलेल्या जोडप्याला या सोयींचा लाभ घेणे सोपे नव्हते. गाववाल्यांच्या खोलीत स्त्रीला उतरता येत नसे. नातेवाइकाच्या दोन खोल्यांच्या घरी उतरावे, तर रोज सकाळी कोठे जाता या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. वांझपणाचा डाग स्त्रीच्या माथी मारणाऱ्या समाजात ते उत्तर देण्यापेक्षा अनेकांनी लॉजचे भाडे भरणे पत्करले. अशा रीतीने समाजाच्या बोलण्याची भीती मुक्कामाच्या खर्चात एक रक्कम होऊन बसली, आणि जी कुटुंबे ती भरू शकत नव्हती त्यांनी बहुधा उपचारच लांबणीवर टाकला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रवासाची दिशा उलटली आणि परदेशी जोडपी भारतात येऊ लागली. गुजरातमधील आणंद हे दुधाच्या सहकाराने ओळखले जाणारे गाव सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपला गर्भ वाढवण्यासाठी, जगभर माहीत झाले. येथे उपचार त्यांच्या देशापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे, परंतु मूल जन्मल्यावर त्याचे पारपत्र मिळेपर्यंत भाड्याच्या जागेत राहावे लागे, आणि तो काळ डॉक्टरांच्या नव्हे, वकिलातींच्या हाती होता. एका जर्मन दांपत्याची जानेवारी २००८ मध्ये जन्मलेली जुळी मुले जर्मनीत सरोगसीला मान्यता नसल्यामुळे कोणत्याच देशाची नागरिक ठरेनात. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दत्तकविधानाच्या मार्गाने ती मुले २०१० मध्ये देशाबाहेर जाऊ शकली. काही आठवड्यांचा ठरवलेला मुक्काम दोन वर्षांवर गेला, आणि स्वस्त उपचाराचा हिशेब त्या दोन वर्षांत पार विस्कटला. पुढे २०१२ मध्ये व्हिसाच्या अटी कडक झाल्या, २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांसाठी सरोगसी बंद झाली, आणि २०२१ च्या दोन कायद्यांनी सरोगसी व साहाय्यित प्रजनन या दोन्ही क्षेत्रांना नियमांच्या चौकटीत आणले.

या इतिहासाच्या उजेडात आजच्या उपचाराचे वेळापत्रक वाचले, तर अंदाजपत्रक कसे मांडावे हे आपोआप उलगडते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शने सुरू होतात, ती साधारण नऊ ते बारा दिवस चालतात, त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी बीजांडे काढली जातात, आणि गर्भ ताजाच सोडायचा असेल तर त्यानंतर तीन किंवा पाच दिवसांनी तो सोडला जातो. म्हणजे परगावी सुमारे तीन आठवडे धरावे लागतात, आणि औषधांना प्रतिसाद मंद असेल तर त्यात आणखी काही दिवसांची भर पडते. म्हणून हिशेबात राखीव दिवस मांडलेच पाहिजेत. खोली घेताना तेथे फ्रिज आहे की नाही हे विचारावे लागते, कारण यांतली अनेक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकतात. जेवण बाहेरचे की घरचे, स्वयंपाकाला जागा आहे का, दवाखाना पायी गाठता येईल का, नवरा सगळे दिवस थांबणार की फक्त नमुना देण्याच्या दिवशी येणार, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी कोणाची बुडणार, या प्रत्येक प्रश्नामागे एक रक्कम आहे. पहिल्या इंजेक्शनांपुरते गावचे डॉक्टर आणि जवळचे सोनोग्राफी केंद्र वापरता आले, तर परगावचे दिवस निम्म्यावर येऊ शकतात; त्यासाठी दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी आधीच एकमेकांशी बोलून घेतलेले असावे लागते. शिवाय एका फेरीत यश येईलच असे नसल्याने सगळी शिल्लक पहिल्याच खेपेला लावणे धोक्याचे ठरते.

गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बांबोळी येथील रुग्णालयाने २०२३ मध्ये हा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि सरकारी रुग्णालयाने टाकलेले हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु उपचाराचा दर शून्यावर आल्यानंतरही काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाकडून येणाऱ्या स्त्रीचा बसप्रवास आणि बुडणारा रोज शिल्लकच राहतो, आणि जेथे वाट दिवसभराची आहे तेथे निवाऱ्याचा प्रश्नही राहतो. क्षेत्राच्या गावाने एके काळी सेवेकऱ्याचे जेवण आणि अंथरूण हा सेवेचाच भाग मानला होता. गाडगे महाराजांनी रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधून तोच न्याय आजाऱ्यांच्या सोबत्यांना लावला. मूल व्हावे म्हणून आलेल्या जोडप्याला तो अजून पुरेसा लाभलेला नाही. वंध्यत्वाच्या दवाखान्याने दरपत्रकाबरोबर दिवसांचे पत्रकही हाती द्यावे, सरकारी केंद्राने खाटांबरोबर मुक्कामाच्या खोल्यांचीही तरतूद करावी, आणि किती रुपये लागतील याच्या आधी किती दिवस लागतील हे विचारण्याची सवय जोडप्यांना लागावी, एवढे झाले तरी अनेक घरांत अर्ध्यावर थांबलेला उपचार पुरा होण्याची शक्यता वाढेल.