गेलेले आणि राहिलेले : मंडळींच्या फुटीचा अभ्यास

प्रस्तावना

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर सूत्रधार होते, मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व. शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. दोन वर्षांनी बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर अण्णासाहेबांच्या कंपनीत आले आणि त्यांच्या आवाजापुढे बाकी सगळे मागे पडले. शकुंतला त्यांच्याकडे गेली, ‘सौभद्रा’तली सुभद्रा तर त्यांचीच झाली. मुजुमदारांनी मात्र कंपनी सोडली नाही. पुढे किर्लोस्कर मंडळीची सूत्रे त्यांच्याच हाती आली. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, १९०१ मध्ये भाऊराव गेले, १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर गेले, १९१३ मध्ये बालगंधर्व वेगळे झाले. शेवटी उरलेल्या माणसांना गोळा करून, उद्याच्या जाहिरातीत नायिकेपुढे कोणाचे नाव छापायचे हे ज्याला ठरवावे लागले, तो हा पहिल्या रात्रीचा शकुंतला होता.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासात मुजुमदारांना जी जागा मिळते ती मला फार तोकडी वाटते. या पुस्तकाचा विषय त्या तोकडेपणातूनच निघाला आहे. गाणाऱ्या मंडळीतून तिचा मुख्य आवाज निघून गेला की त्या मंडळीचे काय होते, हा आमचा प्रश्न. निघून गेलेल्याचे काय झाले हे बहुधा आपल्याला ठाऊक असते, कारण इतिहास त्याच्या मागे चालत जातो. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ च्या जुलैमध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली, हे शाळकरी पुस्तकातही सापडते. त्याच जुलैत किर्लोस्करांच्या बिऱ्हाडी कोणते नाटक लावायचे ठरले, कोणाला कोणती नक्कल पाठ करायला दिली, हे विचारणारे फार थोडे. ते विचारावे, असे या प्रस्तावनेचे आवाहन आहे. ज्यांनी संगीत नाटक कधी पाहिलेले नाही, ज्यांना गिटारवाले बँडच ठाऊक आहेत, त्यांनाही हे आवाहन आहे. त्यांना या प्रश्नाची चव आधीपासून लागलेली असते.

पिंक फ्लॉइडमधून १९६८ मध्ये सिड बॅरेट बाहेर पडला, तेव्हा बँडची बहुतेक गाणी त्याची होती. बँड टिकला, आणि इतका बदलला की आज अनेकांना बॅरेटचे नावही माहीत नसते. १९८५ मध्ये रॉजर वॉटर्स गेला आणि बाकीच्यांनी हे नाव वापरू नये म्हणून त्याने कायद्याची वाट धरली. नाव राहिलेल्यांकडेच राहिले. फ्लीटवुड मॅकची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिचे नावच ड्रम वाजवणाऱ्याच्या आणि बास वाजवणाऱ्याच्या आडनावांवरून पडलेले. गाणारे आणि गिटारवाले येत राहिले, जात राहिले. मागे बसून ठेका धरणारे दोघे राहिले, म्हणून ब्लूज वाजवणारा साठच्या दशकातला बँड सत्तरच्या दशकात वेगळेच संगीत करू लागला तरी त्याच नावाने ओळखला गेला. हे वाचणाऱ्याला १९१३ चे पुणे परके वाटणार नाही. अण्णासाहेबांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, तरी ‘किर्लोस्कर’ हे नाव जुन्या कंपनीकडे राहिले. निघालेल्यांनी आपल्यातल्या सर्वांत लाडक्या गायकाची पदवी कंपनीला दिली. दोन नावांत दोन प्रकारच्या मंडळ्या दिसतात. एक संस्थापकाच्या मृत्यूनंतरही चालू शकते. दुसरी त्या एका गळ्याशी बांधलेली, त्याच्या चढत्या आणि उतरत्या काळासकट. १९३० नंतर बोलपट आले, गंधर्व मंडळी मोडकळीला आली आणि १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले, तेव्हा कंपनीचे नाव पुढे कोणी चालवावे हा प्रश्नच फारसा उभा राहू शकला नाही.

नावापेक्षा चालींची गोष्ट अवघड, आणि माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत समृद्ध. अण्णासाहेबांची पदे साकी, दिंडी, कामदा, लावणी अशा ओळखीच्या चालींवर आणि कानडी-गुजराती वळणांवर बांधलेली होती. पदे खूप, प्रत्येक पद आटोपशीर, कथा पुढे नेणारे. भाऊरावांचा आवाज उंच, पल्लेदार आणि धारदार होता असे त्यांना ऐकलेल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. १३ फेब्रुवारी १९०१ ला ते गेले. हिंदुस्थानात तबकड्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्याला. म्हणजे अवघ्या पावणेदोन वर्षांनी तो आवाज आपल्या हातून सुटला. त्यानंतर १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्करांत आले, शकुंतलेच्या भूमिकेतच मिरजेला पहिल्यांदा उभे राहिले, आणि त्यांच्या तबकड्या भरपूर निघाल्या. नवा श्रोता ‘सौभद्रा’तली पदे त्या तबकड्यांवर ऐकतो आणि तीच मूळ चाल मानतो. भाऊरावांकडून बालगंधर्वांकडे जाताना त्या पदांचे काय झाले, ती किती सावकाश झाली, कोणत्या शब्दावर आता थांबायला लागले, वन्समोअर कोठे मिळू लागला, हे आपल्याला कानाने कधीच कळणार नाही. ते कागदावरून काढावे लागते : पदांच्या छापील पुस्तकांतून, वृत्तपत्रातल्या परीक्षणांतून, प्रयोग किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला याच्या नोंदींतून.

या बदलाला काहीजण प्रगती म्हणतात, काहीजण ऱ्हास. मला दोन्ही शब्द घाईचे वाटतात. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळीनेच ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. टेंब्यांनी त्याला हिंदुस्थानी बंदिशींच्या, ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या. पाच वर्षांनी गंधर्व मंडळीच्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ती वाट आणखी रुंद केली. या वळणाचे श्रेय संगीतकारांना द्यायलाच हवे. पण टेंब्यांच्या चाली ज्या गळ्यासाठी बांधल्या गेल्या तो गळा किर्लोस्करांत आला होता, कारण आधीचा गळा निघून गेला होता. जागा रिकामी झाली नसती तर चाली बदलण्याची निकड कोणाला भासली असती? हा प्रश्न या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, आणि त्याला प्रत्येक मंडळीगणिक वेगळे उत्तर मिळेल अशी वाचकाने अपेक्षा ठेवावी.

‘मानापमान’मध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. नाटकाचा नायक धैर्यधर; पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. ते त्याच वर्षी गेले. पुढे गंधर्व मंडळीत धैर्यधर म्हणून उभे राहिले ते स्वतः गोविंदराव टेंबे. हार्मोनियमवादक, चाली बांधणारा माणूस, तो आता रंगभूमीच्या मध्यभागी तलवार लावून उभा. १९७५ मध्ये पीटर गेब्रिएल गेल्यावर जेनेसिसचा ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी टेंब्यांचा हा प्रवास जरूर अभ्यासावा. मागच्या रांगेतला माणूस पुढे येतो तेव्हा तो मागच्या रांगेचे कान घेऊन येतो. साथीला काय हवे, पद कोठे वाढवले तर तबल्याला श्वास मिळेल, हे त्याला नायकाच्या जागेवरूनही ऐकू येते.

फुटीनंतर किर्लोस्कर मंडळीने पुन्हा कोवळा आवाज शोधला आणि तिला दीनानाथ मंगेशकर मिळाले. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. म्हणजे पाच वर्षांत एकाच कंपनीतून दोन मोठ्या मंडळ्या निघाल्या. याला सरळ दुर्दैव म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला ते उलट कंपनीच्या शिकवण्याच्या ताकदीचे लक्षण वाटते. जी मंडळी माणसे घडवते तिच्यातूनच माणसे बाहेर पडतात, आणि ज्यांच्याकडे उभे राहण्याची तयारी नाही त्यांना बाहेर पडण्याची गरजही वाटत नाही. अर्थात पगार, भागीदारी, नफ्याची वाटणी आणि चालकाशी उडणारे खटके हेही आहेच. पैशाच्या बाजूला या प्रस्तावनेत मी हात घालत नाही. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

ललितकलादर्श ही याहून निराळी. केशवराव भोसल्यांनी ती १९०८ मध्ये हुबळीला काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय तिशीच्या आसपास. कोणालाही वाटले असते की आता कंपनी संपली. बापूराव पेंढारकरांनी ती सावरली, आणि सावरताना तिचा रोखच बदलला. मामा वरेरकर केशवरावांच्या हयातीतही कंपनीसाठी लिहीत होते, पण ‘सत्तेचे गुलाम’, ‘तुरुंगाच्या दारात’ ही नाटके आली ती बापूरावांच्या काळात : समकालीन प्रश्न, पु. श्री. काळ्यांनी उभे केलेले खऱ्यासारखे देखावे, रामकृष्णबुवा वझ्यांच्या चाली. गाणे राहिलेच, पण आता नाटक एका गळ्याच्या भोवती फिरत नव्हते. केशवरावांसारखा दुसरा गायक शोधण्याऐवजी बापूरावांनी कंपनीला दुसरे बलस्थान दिले. मला स्वतःला या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही.

कधी नाटकच माणसांबरोबर निघून जाते. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि ‘घाशीराम’ तिच्याकडे गेले. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि ब्राह्मणांची ती मानवी भिंत, दोन्ही सामूहिक. एका नायकाच्या गाण्यावर हे नाटक उभे नव्हते, म्हणून अख्खा संच हलला तेव्हा नाटक अख्खेच्या अख्खे हलू शकले. १९१३ मध्ये ‘सौभद्र’ दोन्हीकडे होऊ शकत होते. १९७३ मध्ये ‘घाशीराम’ एकाच ठिकाणी राहू शकत होते. नाटकाची बांधणी आणि मंडळीची फूट यांचे हे नाते कोणी तरुण अभ्यासकाने सविस्तर मांडावे अशी माझी फार इच्छा आहे.

आता साधनांविषयी, कारण नवा अभ्यासक तेथेच अडतो. आपल्याकडे नटांची आत्मचरित्रे उत्तम आहेत. बोडसांचे ‘माझी भूमिका’, टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’. तिन्ही वाचल्यावाचून या विषयात पाऊल टाकू नये. पण वाचताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी : हे तिघेही निघालेल्यांच्या बाजूचे. फुटीची हकिकत आपण निघालेल्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. ती खोटी आहे असे मी सुचवत नाही. ती एका दारातून दिसलेली आहे इतकेच. मुजुमदारांनी अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले, ‘रंगभूमी’ मासिक चालवले. राहिलेल्यांची नजर कशी होती याचे धागे त्यांच्या लेखनात सापडतात, आणि त्याहून जास्त वृत्तपत्रांच्या जाहिरातींत. नटसंच कसा बदलला, कोणते नाटक गाळले, कोणत्या नाटकाची तारीख पुढे ढकलली, हे जाहिरात जितके प्रामाणिकपणे सांगते तितके आठवणींचे पुस्तक सांगत नाही.

आणि साथीदार. अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर, गंधर्व मंडळीच्या वैभवातला केवढा तरी भाग या दोघांचा. मंडळी फुटते तेव्हा तबलजी कोणाबरोबर जातो? सारंगिया मागे राहिला तर नव्या गायकाला तो कसे सांभाळून घेतो? मुख्य नटांच्या ताटातुटीवर पानेच्या पाने लिहिली गेली, साथीदारांच्या जाण्यायेण्यावर क्वचित ओळ दिसते. आज बँडची तरुण मुले बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास अॅम्प्लिफायर, माइक आणि वायरी घ्यायला येतात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. आपला ड्रमर सोडून गेला की सराव कसा कोसळतो ते त्यांना माहीत असते. त्यांनी येथून चार पावलांवर पुणे नगर वाचन मंदिरात जावे. १८४८ पासूनचे हे ग्रंथालय बुधवार पेठेतच आहे. जुन्या नाटकांची आणि नटांची पुस्तके मागवावीत, आणि ‘केसरी’चे जुने अंक जेथे पाहायला मिळतील तेथे १९१३ च्या जुलैपासून वर्षअखेरपर्यंतच्या नाटकांच्या जाहिराती एकेक करून उतरवून घ्याव्यात. एका वहीत डावीकडे किर्लोस्कर मंडळी, उजवीकडे गंधर्व मंडळी, तारीख, नाटक, नटांची नावे. पुढचे पहिले प्रकरण अशाच एका वहीतून लिहिलेले आहे.