क्वीन्स (न्यूयॉर्क) : घरची भाषा आणि इंग्रजीचे ज्ञान

क्वीन्स हा न्यूयॉर्क शहराच्या पाच प्रशासकीय विभागांपैकी एक असून २०२०च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे. जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत आणि निम्म्याहून अधिक लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात. १९६५च्या कायद्याने स्थलांतरितांसाठीची देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांचा ओघ वाढला. फ्लशिंगमध्ये चिनी व कोरियन, कोरोनात स्पॅनिश, रिचमंड हिलमध्ये पंजाबी, तर जॅक्सन हाइट्समध्ये बंगाली, नेपाळी, तिबेटी व स्पॅनिश अशा भाषा नांदतात.

ही माहिती अमेरिकन जनगणना विभागाच्या वार्षिक नमुना पाहणीतून मिळते. पाच वर्षे व त्यावरील प्रत्येकाबद्दल विचारले जाते : घरी इंग्रजीशिवाय अन्य भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत बोलता येते? उत्तरे चार : फार चांगले, चांगले, फारसे नाही, अजिबात नाही. ‘फार चांगले’ सोडून इतर सर्वांची गणना मर्यादित इंग्रजी असलेल्यांत होते. क्वीन्समध्ये त्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. चौदा वर्षे व त्यावरील एकालाही उत्तम इंग्रजी येत नसेल, तर ते सबंध घर मर्यादित इंग्रजीचे धरतात.

या मोजणीला मर्यादा आहेत. घरातील एकच व्यक्ती बहुधा सर्वांच्या वतीने उत्तर देते, परीक्षा कोणी घेत नाही, आणि वाचता-लिहिता येते का हे विचारलेच जात नाही. इक्वेडोरहून आलेल्या किचवाभाषकाची नोंद स्पॅनिशमध्ये झाली, तर रुग्णालयात त्याच्यासाठी चुकीचा दुभाषी उभा राहतो. म्हणून हे आकडे माणसांची गुणवत्ता ठरवण्यासाठी नव्हेत, सेवांची गरज ओळखण्यासाठी वापरणे योग्य.

त्यांचा सर्वांत ठोस उपयोग मतदानात दिसतो. मतदान हक्क कायद्यात १९७५च्या दुरुस्तीने आलेल्या आणि १९९२मध्ये सुधारलेल्या तरतुदीनुसार, क्वीन्ससारख्या एखाद्या परगण्यात एका भाषागटाचे मर्यादित इंग्रजी असलेले मतदार-नागरिक १०,०००हून किंवा ५ टक्क्यांहून अधिक असले आणि त्यांच्यातील निरक्षरता देशाच्या सरासरीहून जास्त असली, की त्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. क्वीन्सला २०११मध्ये भारतीय भाषांसाठी हे बंधन लागू झाले आणि २०१३पासून मतपत्रिकेवर बंगाली आली. मात्र कायदा स्पॅनिश, आशियाई व मूलनिवासी भाषागटांपुरताच आहे. रशियन किंवा ग्रीक बोलणाऱ्यांना त्याचे संरक्षण नाही, ही त्यातली मोठी उणीव होय. मतपत्रिकेबाबत नव्हे, पण शहराच्या सेवांबाबत नगरपालिकेच्या २०१७च्या स्थानिक कायद्याने ती काही अंशी भरून काढली. त्यातील दहा निर्धारित भाषांत रशियन आहे, बंगाली व उर्दूही आहेत.

लहान भाषा मात्र तक्त्यांत एकत्र बांधल्या जातात. २०१६पासूनच्या तपशीलवार तक्त्यात मराठी ही नेपाळी व इतर भारतीय-आर्य भाषांसह एकाच ओळीत येते. त्यामुळे क्वीन्समधील मराठीभाषकांचा वेगळा आकडा त्यातून मिळत नाही.