टिळकांची उलटतपासणी करणारे कार्सन

‘इंडियन अनरेस्ट’चे कर्ते सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लोकमान्य टिळकांनी लंडनमध्ये केलेली अब्रुनुकसानीची फिर्याद आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९१९ च्या आरंभी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर ती चालली व टिळक ती हरले. चिरोलतर्फे टिळकांची उलटतपासणी करणारे सर एडवर्ड कार्सन हे कोण, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

कार्सन यांचा जन्म १८५४ साली डब्लिनच्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. ट्रिनिटी कॉलेजात शिकून ते बॅरिस्टर झाले, आणि आयर्लंडमधील शेतकरी चळवळीवरील सरकारी खटले चालविताना त्यांचे नाव झाले. १८९२ मध्ये ते पार्लमेंटात गेले. १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत त्यांनी उलटतपासणीने फिर्यादीलाच आरोपीच्या जागी नेऊन बसविले. वाइल्ड हे त्यांचे कॉलेजातील समकालीन! टिळकांवर चोवीस वर्षांनी हीच विद्या चालविली गेली.

आयर्लंडचे ब्रिटनशी ऐक्य टिकविणे हा कार्सन यांचा एकच राजकीय ध्यास होता. १९१२ साली आयर्लंडच्या होमरूलचे विधेयक आले तेव्हा ते अल्स्टरमधील विरोधाचे नेते होते. त्या सप्टेंबरात सुमारे पावणेपाच लाख स्त्री-पुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. १९१३ मध्ये स्वयंसेवकांची फौज उभी राहिली. एप्रिल १९१४ मध्ये तिच्यासाठी सुमारे पंचवीस हजार बंदुका चोरून उतरविण्यात आल्या. (अशा कृत्यास कायद्यात काय म्हणतात, हे कार्सन यांस कोणी शिकवावयास नको होते.) त्यांच्यावर खटला झाला नाही. उलट, १९१५ साली तेच इंग्लंडचे अ‍ॅटर्नी-जनरल झाले. इकडे १९०८ साली दोन लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि १९१६ मध्ये त्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापिली, तीत बंदुकीचा संबंध नव्हता. त्यांच्या राजनिष्ठेची झडती कार्सन यांनी घ्यावी, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

तरीही कार्सन यांस केवळ दांभिक ठरविणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना अखंड आयर्लंड ब्रिटनमध्ये हवे होते. पदरी पडले ते अल्स्टरच्या नऊपैकी सहा जिल्ह्यांचे राज्य. त्याचे प्रधानपद त्यांनी नाकारले, आणि नेतृत्व सोडताना कॅथलिक अल्पसंख्यांकांना भय वाटणार नाही असे वागा, असा सल्ला अनुयायांस दिला. तो पाळला गेला नाही.

१९२१ मध्ये ते उमरावसभेचे न्यायाधीश झाले. त्याच डिसेंबरात आयरिश तहावर बोलताना, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आपल्याला सत्तेच्या खेळातील बाहुले केले, असे त्यांनी संतापाने सांगितले. न्यायाधीशाने राजकारणावर असे बोलावे काय, हा वाद पुढे त्याच सभेत निघाला. त्यांच्या निवाड्यांपेक्षा हे भाषणच लोकांच्या स्मरणात राहिले. १९२९ साली ते निवृत्त झाले.

१९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. जन्मगाव डब्लिन, पण दफन बेलफास्टच्या सेंट अ‍ॅन कॅथीड्रलमध्ये झाले, आणि शवपेटीवर त्या सहा जिल्ह्यांची माती टाकण्यात आली.