काडतूस लांब का झाले?

काडतुसाची जी लांबी छापलेली असते ती बार उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. जुन्या इंग्रजी बारा बोअरचे घर बहुधा अडीच इंचाचे (65 मि.मी.) असे. पावणेतीन इंची काडतूस त्यात सहज बसते, आणि धोका नेमका तिथेच. चाप ओढला की दुमडलेले तोंड उघडते, पुढे जागा अपुरी पडते आणि नळीतला दाब वाढतो. जीर्ण नळीला तो सोसेलच असे नाही.

छर्ऱ्यांचा हिशेब उलटा: आकडा मोठा तर दाणा बारीक. लाव्यासाठी 8 नंबर, बदकासाठी 4.

मग साडेतीन इंची काडतूस कशाला आले? काही जण शिकाऱ्यांच्या हौसेकडे बोट दाखवतात. मला कारण तलावाच्या चिखलात दिसते. बदके दाणे दळायला खडे गिळतात. त्यांसोबत शिशाचे छर्रे पोटात जाऊन ती विषबाधेने मरत. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर टप्प्याटप्प्याने बंदी आली, 1991 मध्ये ती देशभर झाली. त्याजागी पोलाद आले. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8. हलका दाणा लांबवर जोर धरत नाही, म्हणून तो मोठा घ्यायचा; मोठे दाणे पुरेसे भरायचे तर नळकांडे लांब हवे. 1988 चे साडेतीन इंची बारा बोअर या गरजेतून आले.

त्याच 1991 साली आपल्याकडे वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिकारच जवळजवळ बंद झाली. सालिम अलींनी संग्रहासाठी बंदुकीने पक्षी टिपले, ते त्याच्या कितीतरी आधी.